रंगात रुतलेली किल्ली

१९१२ सालच्या मे महिन्यात पाब्लो पिकासोने एका लहानशा लंबगोल कॅनव्हासवर खुर्चीची वेताची वीण आणली. तीही खरी नव्हे. वेताच्या विणीची छपाई असलेल्या स्वस्त मेणकापडाचा तुकडा त्याने चिकटवला, त्याच्या भोवती आणि वरून तैलरंगात पेला, पाइप, लिंबाची फोड आणि वर्तमानपत्राच्या नावातली पहिली तीन अक्षरे रंगवली आणि चौकटीच्या जागी जाडसर दोर गुंडाळला. चित्र जेमतेम ३७ सेंटिमीटर रुंद. आज ते पॅरिसच्या पिकासो संग्रहालयात आहे आणि आधुनिक कोलाजची कथा बहुतेक सगळे तिथूनच सुरू करतात.

माझा कल मात्र त्याच्या मित्राकडे, जॉर्ज ब्राककडे आहे. ब्राकचे वडील फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरात घरे रंगवण्याचे काम करत. मुलानेही तीच उमेदवारी केली. साध्या फळीवर कंगवा ओढून सागवानी किंवा ओकच्या रेषा उमटवायच्या, भिंतीवर संगमरवराचा भास आणायचा, असल्या रंगाऱ्याच्या युक्त्या त्याच्या हातात बसलेल्या होत्या. १९१२ मध्येच त्याने तैलरंगात वाळू कालवायला घेतली आणि सप्टेंबरात ओकच्या लाकडाची नक्कल छापलेला भिंतीचा कागद चित्रात चिकटवला. कॅनव्हासचा पृष्ठभाग हाताला खरखरीत लागावा, हे सुचायला कलाशाळेपेक्षा लांबी भरणाऱ्या रंगाऱ्याचे घर जास्त उपयोगी पडले असणार.

आपल्याकडे याच्या नेमका उलट उद्योग चालला होता. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये गिरगावात सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. मूळ तैलचित्रांबरहुकूम छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या आणि हौशी हातांनी त्यांच्या छापील शालूंवर खरी जर, टिकल्या, मणी, कापडाचे तुकडे चढवले. तिकडे हाताने रंगवायच्या चित्रात छापील माल शिरला, इकडे छापील चित्रात हाताचे काम शिरले. पहिल्याला क्रांती म्हणायचे आणि दुसऱ्याला बायकांचा विरंगुळा, हा पंक्तिप्रपंच मला कधीच पटलेला नाही.

वस्तू चिकटवणे सोपे असते. खरी गोम आहे ती तेलात.

तैलरंग ‘वाळतो’ असे आपण म्हणतो, पण जलरंगासारखे त्यातून पाणी उडून जात नाही. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेते, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि घट्ट पापुद्रा तयार होतो. वाळताना सुरुवातीला त्याचे वजन चक्क वाढते. पातळ थर काही दिवसांत हाताला लागेनासा होतो. बोटभर जाड थरावर मात्र दुधावर धरावी तशी साय धरते आणि आतला रंग वर्षानुवर्षे मऊ राहतो. आतला भाग सावकाश आकसला की वरच्या सायीला सुरकुत्या पडतात. म्हणून तर खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे जास्त तेलाचे, हा नियम विद्यार्थ्यांच्या डोक्यात पहिल्या वर्षीच ठोकून बसवला जातो.

अशा रंगात वाळू घालून पाहावी. रंग लावायच्या नाइफखाली रंग करकरतो, चकाकी उतरते, कणाकणाची बारीक सावली पडून रंग एक छटा गडद दिसू लागतो. दिसायला फार सुंदर. पण प्रत्येक कणाला धरून ठेवायला तेल पुरले पाहिजे. कमी पडले तर रंग वाळल्यावर तळहात फिरवताच कण हातावर येतात; वाढवले तर पिवळेपणा आणि सुरकुत्या. वाळू समुद्रावरून आणली असेल तर तिच्यातले मीठ हवेतला ओलावा ओढत राहते. गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन, वाळवून, चाळून घेतल्याखेरीज ती चित्रात घेऊ नये. संगमरवराची भुकटी तुलनेने गुणी. ती रंगात मिसळली की थर घट्ट बसतो आणि नाइफची धार जशीच्या तशी उभी राहते.

म्हणूनच या प्रकारात हुशार निघाले ते चित्रकार, ज्यांनी वस्तू धरून ठेवण्याचे काम तेलाला सांगितलेच नाही. आंद्रे मासोंने १९२६ च्या सुमारास कॅनव्हासवर सरसाचे डाग सोडले, वर वाळू टाकली, न चिकटलेली झटकून दिली आणि मग तैलरंगाला हात घातला. इटलीचा आल्बेर्तो बुर्री पेशाने डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात टेक्सासच्या युद्धकैद्यांच्या छावणीत तो चित्रे काढू लागला आणि पुढे फाटकी गोणपाटे शिवून-चिकटवून त्याने चित्रे केली. त्याचा आवडता गोंद होता विनाविल, म्हणजे आपल्या फेव्हिकॉलच्याच कुळातला. ज्यूलियन श्नाबेलने १९७८ मध्ये फुटक्या चिनीमातीच्या बशा लाकडी फळ्यांवर बसवल्या त्या गाडीचे पोचे भरायच्या पुटीने, आणि त्यावर तैलरंग फिरवला. गॅरेजमधला माल कलादालनात गेला, तेव्हा कुठे बशा भिंतीवर टिकल्या. आजच्या स्टुडिओत हेच काम ॲक्रिलिकची मॉडेलिंग पेस्ट करते. खाली ॲक्रिलिक आणि वर तेल हे जमते. उलट केले की पोपडे सुटतात.

जॅक्सन पोलॉकने असला काही विधिनिषेध पाळला नाही. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधले त्याचे १९४७ चे ‘फुल फॅदम फाइव्ह’ जवळून पाहिले तर हिरव्या-काळ्या रंगाच्या गाळात खिळे, टाचण्या, बटणे, नाणी, सिगारेटी, काड्या आणि एक किल्ली रुतलेली दिसते. अनेक वर्षे याकडे बेफिकिरीचा नमुना म्हणून पाहिले गेले: खिशात होते ते टाकले. मग संग्रहालयाच्या जतनतज्ज्ञांनी चित्राचे क्ष-किरण छायाचित्र घेतले. शिशाच्या पांढऱ्या रंगातून क्ष-किरण सहजी जात नाहीत, त्यामुळे वरच्या सगळ्या धारांच्या खाली दडलेली उभी मानवी आकृती त्यात स्पष्ट उमटली. आणि वरवर कुठेही पडल्यासारख्या वाटणाऱ्या वस्तू त्या आकृतीच्या अंगाशी जुळवून ठेवलेल्या निघाल्या. रंग नंतर ओतला, तोही तिला झाकायला. खिशातला कचरा म्हणणाऱ्यांना यापेक्षा चोख उत्तर स्वतः पोलॉकलाही देता आले नसते.

मराठी वाचकाला या घराण्यातला आपला माणूस ठाऊक असायला हवा, पण फारसा नाही. मोहन सामंत १९२४ मध्ये मुंबईत जन्मले, १९५२ मध्ये तिथल्याच जे. जे. कलाशाळेतून पदविका घेतली, इटलीला शिकून आले, मग रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. १९६८ पासून तिथेच राहिले आणि २००४ मध्ये तिथेच वारले. साठच्या दशकात त्यांनी वाळू घालून कॅनव्हास इतके जाड आणि खडबडीत केले, की ती चित्रे उत्खननात सापडलेल्या भिंतीच्या जातीची वाटतात. पुढे कागदाची कात्रणे आली, वाकवलेल्या तारेची रेखाटने आली. हा माणूस आयुष्यभर सारंगी वाजवत होता. सूझा, हुसेन, रझा या चित्रकारांच्या नावांच्या गजरात सामंतांचे नाव मागे पडले, याचे एक कारण ते दूर राहिले हे असेल. दुसरे मला असे वाटते, की त्यांची चित्रे छापील पानावर मरतात. खोली कॅमेऱ्यात येत नाही. बाजूने उजेड टाकून पाहावी लागणारी ही चित्रे कॅलेंडरवर चढली नाहीत.

अशी चित्रे सांभाळणे हा वेगळाच ताप. लोखंडी खिळ्याला गंज चढतो आणि त्याचा तांबूस डाग रंगात पसरतो. तांब्याच्या तारेवर तेलातली आम्ले हिरवी पुटे आणतात. गोणपाट, कागद, गवत म्हटले की मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बुरशी आणि कसर आलीच. खड्ड्याखड्ड्यांत बसलेली धूळ कापसाच्या बोळ्याने पुसायला जावे, तर कापसाचेच धागे वाळूत अडकतात. जुन्या काळी जीर्ण कॅनव्हासला मागून दुसरे कापड गरम इस्त्रीने चिकटवत. त्या दाबाखाली जाड रंगाचे कितीतरी उंचवटे कायमचे सपाट झाले. आन्झेल्म कीफरच्या १९८१ च्या ‘मार्गारेते’मध्ये तर खरे गवताचे काड आहे. अशा चित्रातली एखादी काडी गळाली, तर ती परत लावायची की जाऊ द्यायची?

कधीकधी वस्तू आपल्याबरोबर कायदाही घेऊन येते. रॉबर्ट राउशेनबर्गच्या १९५९ च्या ‘कॅन्यन’मध्ये तैलरंगाच्या कॅनव्हासमधून पेंढा भरलेला बाल्ड ईगल पंख पसरून बाहेर झेपावतो आणि त्याच्या खाली दोरीला बांधलेली उशी लोंबते. अमेरिकेत १९४० पासून या गरुडाच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे. आपला पक्षी त्याआधीच मारलेला होता, असे राउशेनबर्गला १९८८ मध्ये नोटरीसमोर लिहून द्यावे लागले. चित्राच्या मालकीण इलियाना सोनाबेंड २००७ मध्ये वारल्या. वारसांनी विकताच न येणाऱ्या चित्राची किंमत शून्य दाखवली. कर खात्याने ती ६.५ कोटी डॉलर धरली आणि २.९२ कोटी डॉलरचा कर मागितला. २०१२ मध्ये तडजोड झाली: वारसांनी चित्र म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टला देऊन टाकले आणि खात्याने मागणी सोडली.