घोड्याचा हिवाळा

दिवाळीच्या आगेमागे माळशेज घाटाच्या वळणांवर मेंढरांचे कळप दिसू लागतात आणि त्यांच्यासोबत पाठीवर सगळा संसार लादलेल्या घोड्या. पारनेर-संगमनेरकडच्या अवर्षणी माळांवरून निघालेले धनगर ठाणे-पालघरच्या भातखाचरांत उतरतात, उन्हाळा तिथेच काढतात आणि मृगाच्या आधी पुन्हा घाट चढतात. रस्त्यावरची वाहनं दोन मिनिटं खोळंबतात, हॉर्न वाजतात, कळप पुढे सरकतो. मंगोलियाच्या बर्फात रानघोडा तगतो कसा, या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या दोन मिनिटांत आपल्यासमोरून चालत जातं, असं माझं म्हणणं आहे.

नेहमीचं उत्तर थंडीपासून सुरू होतं आणि ते खोटं नाही. थंडीत घोड्याची लव दाट होते. गारठा वाढला की केस उभे राहतात आणि त्यांच्यामध्ये हवेचा थर अडकतो. पोटातलं आतडं ही तर शेगडीच. गाय-मेंढी रवंथ करते, घोडा करत नाही. त्याचा चारा मागच्या आतड्यात आंबतो आणि त्या आंबण्यातून ऊब मिळते. म्हणूनच घोडा वाळलेलं, निकस गवतही भरमसाट खाऊन निभावून नेतो, फक्त दिवसाचा मोठा भाग त्याला चरण्यात घालवावा लागतो. मंगोलियन रानघोड्यांवर, म्हणजे ताखींवर, ऑस्ट्रियात झालेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. कडाक्याच्या दिवसांत त्यांच्या हृदयाची गती मंदावते, कातडीखालचं तापमान उतरतं आणि शरीर खर्चाला कात्री लावतं. बर्फाखालचं गवत ते खुराने उकरून खातात. थंडीशी सामना करण्याची घोड्याची तयारी अशी चोख आहे.

तरीही 2009-10च्या हिवाळ्यात मंगोलियाच्या गोबी वाळवंटात ताखींचा जो संहार झाला, त्याचा उलगडा यातल्या कशानेही होत नाही. हे घोडे निसर्गातून नामशेष झाले होते. 1969 नंतर मोकळ्या रानात ताखी कुणाला दिसला नव्हता, आणि प्राणिसंग्रहालयांतून जगवलेली पिलावळ 1992 पासून मंगोलियात परत सोडण्यात आली. गोबीतला कळप चांगला वाढत असताना ‘झुड’ आला. बर्फ खूप साचतं किंवा वितळून पुन्हा गोठतं आणि खुरांना गवतापर्यंत पोचता येत नाही, त्या आपत्तीला मंगोल लोक झुड म्हणतात. त्या एका हिवाळ्यात तिथले सुमारे 60 टक्के ताखी गेले. त्याच प्रदेशातल्या रानगाढवांना मात्र फारशी झळ लागली नाही. लव ताखीलाही होती, चरबी त्यालाही होती. फरक वावरण्याच्या पल्ल्यात होता. रानगाढवं लांबलांबचा मुलूख तुडवणारी, ती जिथे बर्फ कमी होतं त्या पश्चिमेकडे सरकली. ताखी आपल्या ओळखीच्या कुरणांत राहिले. हा दाखला मला निर्णायक वाटतो: घोड्याला मारते ती थंडी क्वचितच, त्याला मारतो चाऱ्याचा दुष्काळ, आणि त्यावरचा उपाय आहे मोकळी वाट.

आता दख्खनकडे या. इथे बर्फ नाही, पण घोड्याच्या हिशेबाने हिवाळा आहे. पाऊस सरला की भीमेच्या खोऱ्यातले माळ करपू लागतात आणि पुढच्या पावसापर्यंत हिरवं मिळणं मुश्कील. नेमक्या त्याच वेळी घाटाखाली भात कापून झालेलं असतं. खाचरात ओल शिल्लक असते, बांधांवर गवत असतं, कापलेल्या खुंटांना हिरवे कोंब फुटलेले असतात. मेंढरं शेतात बसवली की लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. घोडीचा चारा या व्यवहारात वेगळा मोजला जात नाही, तो तिचा तिने मिळवायचा. मुक्काम पडला की पालाचे बांबू, भांडी, कोंबड्यांची खुराडी, नुकतं जन्मलेलं कोकरू, कधी वर बांधून बसवलेलं पोर असं सगळं तिच्या पाठीवरून उतरतं. मग पुढच्या दोन पायांना दोरीचा पायबंद घालून तिला सोडून देतात. ती तोकड्या उड्या मारत चरत राहते. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, घोड्याला दोन्हीकडे असतात. त्यामुळे गुरांनी सोडून दिलेलं बोटभर गवतही ही घोडी जमिनीलगत कातरून घेते. तबेला नाही, खुराक नाही, अंगावर झूल नाही.

चारा आणि ऋतू यांचं हे गणित मराठी राज्याला पाठ होतं. दसऱ्याला फौजा बाहेर पडायच्या आणि पावसाळ्यात छावणी करायची, हा शिरस्ता घोड्यांच्याही सोयीचा होता. 1670च्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ छावणीला असलेल्या घोडदळाच्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला त्रास देऊ नका, एवढ्यासाठीच ते आपण आठवतो. पण पत्राचा मोठा भाग दाणा आणि वैरण यांच्याबद्दल आहे. आताच उधळपट्टी केली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, दिव्याची जळती वात उंदराने नेली तर गवताच्या गंजी पेटतील, इथवर त्यात बजावलेलं आहे. घोडं एका जागी बांधलं की त्याचा जीव गंजीवर टांगलेला राहतो, हे त्या पत्राच्या ओळीओळीत आहे.  

यावर पहिला आक्षेप येणार तो उघड आहे. धनगराची घोडी पाळीव, तिला रानघोड्याच्या पंगतीत बसवायचं कशाला? पण रान आणि पाळीव यांतली रेघ आपण समजतो तितकी ठळक नाही. अमेरिकेतले ‘रानटी’ मुस्टँग हे स्पॅनिश लोकांनी नेलेल्या पाळीव घोड्यांचे वंशज. आसामातल्या दिब्रू-सैखोवाच्या रानात फिरणारे घोडेही मूळचे माणसाळलेलेच. खुद्द ताखी हा कझाकस्तानातल्या बोताई लोकांच्या घोड्यांचा वंशज असावा, असा दावा 2018 मध्ये जनुकीय पुराव्यावरून झाला. त्यावर वाद आहे, पण वाद होऊ शकतो हेच पुरे. रक्तापेक्षा राहणी बघितली, तर चरून आणि चालून ऋतू काढणारी धनगराची घोडी रेसकोर्सवरच्या घोड्यापेक्षा ताखीला जवळची आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वाटच घोड्याला वाचवते हे कबूल, पण आज त्या वाटेवर महामार्ग आहेत, खाचरांत चाळी आणि भिवंडीची गोदामं उभी आहेत. मग घोडे पैदास केंद्रात सुरक्षित ठेवावेत हे बरं नाही का? देशातली घोड्यांची संख्या 2019च्या पशुगणनेत 3.4 लाखांवर आली, आधीच्या गणनेपेक्षा निम्म्याच्या आसपास घटली, तेव्हा ही काळजी अस्थानी नाही. पण धनगरांच्या या घोडीची जी जात, त्या भीमथडीचा इतिहास उलटं सांगतो. पेशवाई बुडाल्यावर पागा मोडल्या आणि ही जात संपली असं मानलं गेलं. ती टिकली धनगरांच्या वाड्यांमध्ये. 2023-24च्या सुमारास कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीला देशातली आठवी अश्वजात म्हणून मान्यता दिली. राज्यगीतात जिचं नाव आहे, तिची सरकारी नोंद व्हायला इतका वेळ लागला. पैदास केंद्र उंची आणि रंग जपेल. थोड्या चाऱ्यावर ओझं घेऊन घाट चढण्याची ताकद मात्र घाट चढूनच राहते. म्हणून केंद्रं काढायची तर काढावीत, पण आधी मुक्कामाच्या जागा, पाणवठे आणि घाटवाटा शाबूत ठेवाव्यात.

हे घोडे बघायला कुठे जायचं? ठाणे जिल्ह्यातल्या कोपरकरांना कल्याण-मुरबाड-माळशेज रस्ता सर्वांत सोयीचा. दिवाळीनंतर टोकावड्याच्या पुढे खाचरांत पालं दिसली की लांबच थांबावं, कुत्री राखणीला असतात, आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नये. घोड्यांचा बाजार बघायचा तर दत्तजयंतीला तापीकाठचं सारंगखेडा, किंवा मार्गशीर्षातच नांदेड जिल्ह्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा. खरोखर रानातलं, कधीच न माणसाळलेलं अश्वकुळ हवं असेल तर कच्छच्या छोट्या रणात जावं. सुमारे 5,000 चौरस किलोमीटरच्या त्या अभयारण्यात आणि भोवतालच्या मुलुखात मिळून 2024च्या गणनेत 7,672 रानगाढवं, म्हणजे घुडखर, मोजली गेली. पावसाळ्यात रण पाण्याखाली जातं तेव्हा तीही उंचवट्याच्या ‘बेटां’वर सरकतात. अभयारण्य त्या काळात बंद असतं आणि ऑक्टोबरच्या मध्यानंतर उघडतं. कोपरच्या वरच्या फलाटावरून वसईची गाडी पकडावी, वसई किंवा बोरिवलीहून सौराष्ट्राकडची गाडी घेऊन विरमगामला उतरावं. तिथून दसाडा-झैनाबाद रस्त्याने फार लांब नाही.