तेरा मिलिमीटरचा पेट्रोल कॅन

रणगाडे आणि लष्करी मोटारींच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती जोडण्याचा शौक जपान, युरोप आणि अमेरिकेत चांगलाच रुजलेला आहे. हा शौक पोरांचा नव्हे, कमावत्या माणसांचा आहे. रणगाडा जोडून झाला की त्यावर लादायचे सामान लागते: पेट्रोलचे कॅन, ताडपत्रीच्या गुंडाळ्या, बिछाने, दोरखंड, खोकी, पाण्याच्या पिशव्या. हे किरकोळ सामान बनवून विकणारे वेगळे कारखानदार आहेत. त्यातले बरेचसे दोन-चार माणसांचे आहेत. म्हणून या धंद्याची माहिती आपल्या कारागीर वाचकांपुढे ठेवावी असे वाटले.

या मालाचे चालू माप १:३५. हे माप कुठल्या शास्त्रात बसत नाही. जपानमधील शिझुओका गावची टामिया ही पेढी १९४६ मध्ये लाकडाच्या व्यापारात सुरू झाली, १९५१ मध्ये आगीत तिचे मोठे नुकसान झाले आणि पुढे तिने लाकूड सोडून प्रतिकृतींचाच धंदा धरला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिने जर्मन पँथर रणगाडा काढला. आत मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, म्हणून जो आकार ठरला तो पस्तिसाव्या हिश्शाच्या आसपास आला. पुढे दुसऱ्या कंपन्यांनीही तेच माप उचलले. पहिला चालणारा माल ज्याचा, त्याचा गज बाजारात चालतो!

आता नमुन्यासाठी एकच वस्तू घेऊ. वीस लिटरचा पेट्रोल कॅन आपण जुन्या जीपच्या पाठीवर पाहिलेला असतो. तो सुमारे ४७० मिलिमीटर उंच, ३४५ रुंद आणि १६५ जाड असतो. पस्तीसने भागले की उंची साडेतेरा मिलिमीटरला थोडी कमी, रुंदी दहाला थोडी कमी आणि जाडी पावणेपाचच्या आत येते. म्हणजे वस्तू नखाएवढी. पण या नखाएवढ्या वस्तूत गिऱ्हाईक काय काय तपासते ते ऐकण्यासारखे आहे.

हा कॅन मूळचा जर्मन. श्वेल्म गावच्या म्युलर कारखान्याने तो १९३७ मध्ये तयार केला. पत्रेकाम करणाऱ्याला त्यातले कसब लगेच कळेल. दाबून काढलेले दोन अर्धे भाग मधोमध वेल्डिंगने जोडले आहेत आणि वेल्डची रेघ खोबणीत बसवली आहे, त्यामुळे ती घासली जात नाही. बाजूंवर फुलीसारखी खाच असते. तिने पत्र्याला ताकद येते आणि उन्हात पेट्रोल फुगले तर पत्र्याला ताणायला जागा मिळते. माथ्यावर मुठी तीन. एकट्याने न्यायचा तर मधली धरावी, दोघांनी मिळून न्यायचा तर कडेच्या. आणि रिकामे कॅन असतील तर एका हातात दोन मावतात. मुठींखाली हवेची पोकळी राहते, म्हणून भरलेला कॅनही पाण्यात तरंगतो. झाकण खटक्याचे आहे, त्याला पाना लागत नाही.

इंग्रजांकडे तेव्हा होता चार गॅलनचा पातळ पत्र्याचा डबा, आपल्या रॉकेलच्या डब्याचाच भाऊ. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात तो इतका गळायचा की शिपायांनी त्याचे नावच ‘फ्लिम्झी’, म्हणजे तकलादू, ठेवले. रिकामा डबा अर्धा कापायचा, वाळू भरायची, पेट्रोल ओतून पेटवायची आणि वर चहा ठेवायचा, हा त्याचा खरा उपयोग! जर्मनांचे कॅन हाती लागले की इंग्रज ते जपून वापरत, आणि शेवटी त्यांनी त्याची हुबेहूब नक्कल केली. अमेरिकेच्या वाटेत तर आपला देशही येतो. पॉल प्लाइस नावाचा अमेरिकन इंजिनिअर १९३९ मध्ये एका जर्मन सोबत्याबरोबर मोटारीने हिंदुस्थानात आला. पाण्यासाठी त्यांच्याजवळ असे तीन कॅन होते. मोटार कलकत्त्याला राहिली, पुढे ती अमेरिकेला गेली, आणि तिच्याबरोबर कॅनही. अमेरिकन लष्कराने त्यावरून आपला कॅन काढला, पण वेल्डऐवजी पत्रा दुमडून शिवण घातली आणि फिरकीचे झाकण लावले. मग झाकणाला पाना लागला आणि ओतायला नसराळे.

हा इतिहास सांगायचे कारण उघड आहे. १९४० सालच्या जर्मन रणगाड्यावर अमेरिकन शिवणीचा कॅन ठेवला तर जाणकार गिऱ्हाईक माल परत करते. उलट, १९४२च्या इंग्रज मोटारीवर फ्लिम्झी आणि लुटलेले जर्मन कॅन शेजारी शेजारी असतील तर ते खूश होते. पाण्याच्या जर्मन कॅनवर पांढरी फुली असे, एवढ्या बारकाव्यालाही किंमत मिळते.

आमच्या मते आपल्या माणसांना सर्वात जवळची वस्तू वेगळीच आहे. इंग्रज मोटारींच्या बाजूला कॅनव्हासची पाण्याची पिशवी लटकलेली असे. शिपाई तिला ‘चागुल’ म्हणत. हा शब्द आपल्या छागलीचा. भिश्त्याची पखालही त्या फौजेने अशीच उचलली. खेचरावर लादायच्या पत्र्याच्या टाक्यांनाही तेच नाव राहिले. छागलीतून पाणी पाझरते, वारा लागतो आणि आतले पाणी गार होते. म्हणजे खरी छागल ओली, गडद, तळाशी फुगलेली आणि धूळ चिकटलेली असते. ज्याने ती कधी पाहिली नाही तो कोरडी, सपाट, एका रंगाची पिशवी बनवतो.

कामाची रीत अशी. कॅन, खोकी यांसारख्या कडक वस्तूंचा मूळ नमुना प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यातून कोरतात; अलीकडे संगणकावर आराखडा करून रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवरही काढतात. ताडपत्री आणि बिछान्यासाठी दोन भाग मिसळायची पुट्टी वापरतात, आपल्या नळदुरुस्तीच्या एम-सीलच्याच जातीची, पण बारीक दाण्याची. पातळ कापडासाठी टिश्यू कागद पाणी घातलेल्या पांढऱ्या गोंदात भिजवतात. दोरीला तांब्याची तार पिळतात, पट्ट्याला शिशाचा पातळ वर्ख घेतात आणि बकल पितळेच्या पत्र्यावर आम्लाने कोरून काढतात. मग मूळ नमुन्यावर सिलिकॉन रबराचा साचा आणि त्यात रेझिनचे ओतकाम. रबराचा साचा काही डझन नग काढले की झिजतो, म्हणून मूळ नमुना सांभाळून ठेवावा लागतो. दुसऱ्याच्या मालावरून साचा घेऊन विकणारेही आहेत. ती सरळ चोरी आहे. शिवाय रेझिन ओतताना किंचित आकसते, त्यामुळे नकलेचे माप उणे येते आणि कॅलिपर लावणारे गिऱ्हाईक ते ओळखते.

सामान रचण्यातही अक्कल लागते. बुरूज फिरला पाहिजे, झाकणे उघडली पाहिजेत, इंजिनाच्या जाळीवर बिछाना नको. प्रत्येक वस्तू कशाला तरी बांधलेली हवी आणि दोरीला वजनाचा ताण दिसायला हवा. गाडी हलली की सुटे सामान पडते, हे आपल्या कुठल्याही हमालाला ठाऊक आहे.

भांडवल थोडे लागते, वेळ फार. खरी गुंतवणूक मापे घेण्यात आहे. इंग्लंडमध्ये त्यासाठी लोक बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात जातात. आपल्याकडे अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे आणि त्यात दुसऱ्या महायुद्धातली वाहनेही उभी आहेत. रणगाड्यावरच्या कड्या, आकडे आणि खोक्यांच्या जागा तिथे नीट दिसतात. वस्तू मात्र जुन्या बाजारात शोधाव्या लागतील. कॅन मिळाला तर विकत घेण्याआधी तळाची शिवण बघावी, आणि छागल मिळाली तर ती एक दिवस पाणी भरून टांगून ठेवावी, मगच मापे घ्यावीत.