रानउंदराच्या पोटातील मित्र

'जंतू' हा शब्द कानी पडताच आपणांस रोगाचीच आठवण होते. वर्गात हा विषय निघाला, की मुले एकजात सर्व जंतूंचा निकाल लावण्याची भाषा बोलू लागतात. अशा वेळी मी त्यांना एका रानउंदराची हकीकत सांगतो.

अमेरिकेच्या नैऋत्येस मोहावे नावाचे वाळवंट आहे. तेथे क्रिओसोट नावाचे झुडूप सर्वत्र आढळते. त्याच्या पानांवर विषारी राळेचा लेप असतो. तरीही तेथील वुडरॅट नावाचा उंदीर ती पाने खाऊन जगतो. याच जातीचे उंदीर उत्तरेस ग्रेट बेसिन प्रदेशातही आहेत. तेथे हे झुडूप नाही, आणि त्या उंदरांस ही पाने फारशी सोसत नाहीत. जात एक, मग हा फरक का?

यूटा विद्यापीठातील केव्हिन कोल, डेनीस डिअरिंग व त्यांचे सहकारी यांनी या प्रश्नाचे उत्तर २०१४ साली प्रसिद्ध केले. त्यांनी मोहावेच्या उंदरांना प्रतिजैविक औषध देऊन पोटातील जंतू घटविले. साधे खाद्य खाणारे उंदीर ठीक राहिले. क्रिओसोट खाणारे मात्र रोडावले. मग उलट प्रयोग केला. मोहावेच्या उंदरांची विष्ठा ग्रेट बेसिनच्या उंदरांच्या खाद्यात मिसळली. वाचकहो, नाक मुरडू नका! तीतून गेलेल्या जंतूंमुळे ते उंदीर क्रिओसोट अधिक खाऊ व सोसू लागले. आपल्याच भागातील उंदरांची विष्ठा ज्यांना दिली, त्यांना हे साधले नाही.

विष पचविण्यात यकृताचाही वाटा असतोच. पण शरीराची घडण बदलावयास अनेक पिढ्या लागतात. जंतूंची साथ एकाच आयुष्यात मिळू शकते. ती गमावताही येते. बंदिवासात ठेवलेल्या रानटी प्राण्यांच्या पोटातील काही जंतू नाहीसे होतात, असे आढळले आहे. म्हणून दुर्मिळ प्राणी पिंजऱ्यात वाढवून रानात सोडताना याचाही विचार करावा लागतो.

उंदरावरील निष्कर्ष माणसास जसाच्या तसा लावू नये, हे खरे. तथापि आपल्या आतड्यांतही उपकारक जंतू आहेत, आणि प्रतिजैविक औषध शत्रूबरोबर मित्रांनाही मारते. मागच्या आजारातील उरलेल्या गोळ्या 'असू द्या घरात' म्हणून ठेवणे व ताप येताच मुलांस देणे, ही चाल आपण सोडली पाहिजे. डॉक्टरांनी सांगितले तर औषध जरूर घ्यावे, पुरते घ्यावे; न विचारता मात्र घेऊ नये.