सल्ला कोणाचा, आणि निर्णय कोणाचा?

आपल्या जिल्हापरिषदा व नगरपालिका यांच्या कारभारांत अलीकडे एक रीत रूढ होत चालली आहे. पाण्याची योजना असो, गटाराची असो कीं कचऱ्याची असो, तिचा अहवाल बाहेरच्या सल्लागार कंपनीनें लिहावा, अंदाजपत्रक तिनेंच करावें, आणि पुष्कळदां कामावर देखरेखही तिनेंच ठेवावी! मग लोकनियुक्त सभासदांच्या वांट्यास उरतें तें काय? तर ठरावास हात वर करणें.

तज्ज्ञांच्या ज्ञानाचा आम्ही अनादर करीत नाहीं. कोणताही शहाणा व्यापारी वकिलाचा सल्ला घेतो. परंतु तो तिजोरीची किल्ली त्याच्या हवालीं करीत नाहीं, आणि सौदा करावयाचा कीं नाहीं हें स्वतःच ठरवितो. सार्वजनिक पैशाच्या बाबतींत मात्र हा साधा व्यवहार आपण विसरतों. सल्लागाराचा मोबदला जेथें खर्चावर शेंकडा अमुक असा ठरतो, तेथें खर्च कमी करण्यांत त्याचें हित तें कोणतें? आणि अहवाल देऊन तो निघून गेल्यावर नळ कोरडा पडला, तर जाब द्यावयाचा कोणीं?

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास पुण्यामुंबईस जावयास नको. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांत मेंढा-लेखा हें सुमारें पांचशे वस्तीचें गोंडांचें गांव आहे. बाहेरचा जाणकार त्यासही वर्ज्य नव्हता. चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल तेथें वर्षानुवर्षें येत असत. परंतु गांवानें अभ्यासगट आणि ग्रामसभा हीं दोन अंगें वेगळीं ठेविलीं. अभ्यासगटांत बाहेरच्यांनीं यावें, माहिती द्यावी, वाद करावा. निर्णय मात्र ग्रामसभेनें, आणि तोही सर्वांच्या सहमतीनें घ्यावा. देवाजी तोफा यांच्यासारखे पुढारी गांवांतूनच पुढें आले. वनहक्क कायदा २००६ सालीं झाला; २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क या गांवास मिळाला; आणि बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार त्यानें वनखात्याशीं झगडून एप्रिल २०११ मध्यें हातीं घेतला.

चंद्रपूर जिल्ह्यांतील पांचगांवची गोष्टही अशीच बोधप्रद आहे. तेंदूपानांपायीं फांद्या छाटल्या जातात व वणवे लागतात, म्हणून तें उत्पन्नच नको, असें तेथील ग्रामसभेनें ठरविलें. येणारा पैसा आपण होऊन सोडण्याचा असा सल्ला कोणता भाडोत्री अहवाल देता? वनाशीं ज्यांचा जन्माचा संबंध, त्यांनाच हें सुचावें.

कायद्याचा रोखही हाच आहे. ७३व्या घटनादुरुस्तीनें पंचायतींसाठीं २९ विषयांची अनुसूची दिली आणि विकासाच्या योजना तयार करण्याचें काम त्यांच्याकडे सोंपविण्याची तरतूद केली. वनहक्क नियमांत २०१२ सालीं झालेल्या दुरुस्तीनें सामूहिक वनाची व्यवस्थापन-योजना ग्रामसभेच्या समितीनें करावयाची आहे. ही योजनाही परक्यानें लिहून गांवानें तिच्यावर अंगठा उठविला, तर कागदीं हक्क राहील, पण कर्तेपण जाईल.

म्हणून आमची सूचना अशी. काय हवें तें संस्थेनें आधीं स्वतः लिहून काढावें. मोबदला खर्चाच्या प्रमाणांत नव्हे, ठरीव रकमेंत द्यावा. अहवाल मराठींत असावा व ग्रामसभेंत गोंडी, माडिया बोलींतून समजावून द्यावा. आणि कचेरींतील माणसांस तें काम शिकविल्याखेरीज अखेरचें बिल चुकतें करूं नये. चंद्रपुरास शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, गडचिरोलीस २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. त्यांचे दरवाजे प्रथम ठोठावावे.

करदात्या नागरिकांनीं पुढील सभेच्या वेळीं आपल्या सभासदास एवढेंच विचारावें: हा अहवाल आपण स्वतः वाचला काय? स्वराज्य म्हणजे आपला निर्णय आपण घेणें. तो विकत आणतां येत नाहीं.