‘एलीट’ हा गौरव, ‘एलीटिझम’ हा आरोप

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी इंग्रजी अग्रलेख वाचायला बसला, की काही शब्द त्याला हमखास अडवतात. ‘एलीटिझम’ हा त्यांपैकीच एक. शब्दकोश उघडावा, तर ‘अभिजनवाद’ असा भारदस्त प्रतिशब्द समोर येतो आणि अर्थ जवळ येण्याऐवजी दूरच जातो. ‘एलीट’ म्हणजे निवडक, उत्तम हे ठाऊक असते. त्यावरून ‘एलीटिझम’ म्हणजे उत्तमतेचा ध्यास, असा सरळ हिशेब मांडला जातो. तो हिशेब चुकतो. ‘या संस्थेचा एलीटिझम मला भावतो’ असे एखाद्या उमेदवाराने मुलाखतीत इंग्रजीतून सांगितले, तर संस्थेची स्तुती करता करता त्याने तिला शिष्ट ठरवलेले असते.

लॅटिनमधील ‘निवडणे’ या अर्थाच्या क्रियापदातून फ्रेंच भाषेत ‘एलीट’ हा शब्द आला आणि एकोणिसाव्या शतकात तो इंग्रजीत रुळला. ‘इलेक्शन’ हा शब्दही त्याच धातूपासून झालेला. ज्या मुळातून सर्वांना मत देणारी निवडणूक निघाली, त्याच मुळातून मूठभरांच्या वर्चस्वाचा शब्दही निघावा, ही भाषेची गंमतच म्हणायची. पुढे विल्फ्रेडो पॅरेटो आणि गाएतानो मोस्का या इटालियन विचारवंतांनी, कोणत्याही समाजात सत्ता अल्पसंख्य गटाच्याच हाती असते, असा सिद्धान्त मांडला. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५६ साली ‘द पॉवर एलीट’ या ग्रंथात उद्योग, लष्कर आणि राजकारण यांच्या शिखरावरील वर्तुळाची चिकित्सा केली. ‘एलीटिझम’ हा शब्द रूढ झाला, तो विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारासच. निवडक लोक इतरांहून श्रेष्ठ असतात, म्हणून अधिकार आणि संधी त्यांनाच असाव्यात, ही धारणा म्हणजे एलीटिझम. त्या धारणेतून येणाऱ्या तुच्छतेच्या वागण्यालाही हाच शब्द लावतात.

ब्रिटनमध्ये २००० साली गाजलेल्या एका वादातून हा फरक चांगला स्पष्ट होतो. उत्तर इंग्लंडमधील सरकारी शाळेत शिकलेल्या एका हुशार विद्यार्थिनीला ऑक्सफर्डच्या एका महाविद्यालयाने वैद्यकीय शाखेत प्रवेश नाकारला. तत्कालीन अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी त्यावर जाहीर टीका केली आणि ‘एलीटिझम’ हा शब्द तेथील वृत्तपत्रांत दुमदुमू लागला. मोजक्या जागांसाठी तितकेच गुणी अर्जदार होते, अशी बाजू महाविद्यालयाकडून मांडली गेली. विद्यार्थिनी पुढे शिष्यवृत्ती मिळवून हार्वर्डला गेली. हार्वर्ड हेही एलीट विद्यापीठच. ऑक्सफर्ड एलीट आहे, हा त्या वादातील आक्षेप नव्हताच. निवड गुणांवर होते, की शाळेचे नाव आणि बोलण्याची ढब पाहून होते, हा खरा प्रश्न होता.

श्रीमंतीशीही या शब्दाची गाठ पक्की नाही. २००८ च्या उमेदवारीच्या चुरशीत बराक ओबामा यांनी छोट्या गावांतील मतदारांविषयी केलेल्या विधानावरून हिलरी क्लिंटन यांनी त्यांच्यावर ‘एलीटिस्ट’पणाचा ठपका ठेवला. क्लिंटन दाम्पत्याचे मागील आठ वर्षांचे उत्पन्न दहा कोटी डॉलरहून अधिक असल्याचे त्याच महिन्यात जाहीर झाले होते!

उच्चाराबाबतही सावध राहावे. ‘एलाइट’ हा सर्रास ऐकू येणारा उच्चार चुकीचा. जोर ‘ली’वर आणि ‘ली’ दीर्घ. ‘एलीटिझम’ हे अगणनीय नाम असल्याने त्याचे अनेकवचन होत नाही. ‘एलीटिस्ट’ मात्र नाम आणि विशेषण अशा दोन्ही रूपांत चालतो. ‘अक्यूज’ या क्रियापदानंतर ‘ऑफ एलीटिझम’ असेच येते. तेथे ‘फॉर’ वापरू नये.

मराठीत बोलताना ‘उच्चभ्रूपणा’, तर वैचारिक लेखनात ‘अभिजनवाद’ हे शब्द जवळचे. ‘अभिजात’शी मात्र गल्लत नको. केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला, तो ‘क्लासिकल’ या अर्थाने. तिला इंग्रजीत ‘एलीट लँग्वेज’ म्हटले, तर अर्थाचा अनर्थ होईल.

शब्द परका आणि अलीकडचा असला, तरी तक्रार महाराष्ट्राला जुनीच आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन सादर केले. वरच्या वर्गाला शिकवले की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, या समजुतीवर सरकारचे शैक्षणिक धोरण उभे होते. महसुलाचा मोठा भाग कष्टकरी रयतेकडून येतो आणि उच्च शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गाला मिळतो, याकडे फुले यांनी लक्ष वेधले. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणीही केली. या निवेदनावर इंग्रजीत निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने ‘द एलीटिझम ऑफ कलोनियल एज्युकेशन’ असे लिहिले, तर परीक्षकाला त्यात दुरुस्ती सुचवावी लागणार नाही.