चांद्याचा परकोट: तट राजाचा, तलाव रयतेचे

नागपूरकडून येणारा रस्ता जुन्या चंद्रपुरात शिरतो तो जटपुरा दरवाज्याने. दुचाक्या, ऑटो आणि हातगाड्यांच्या रेट्यात इथे मान वर करायला सवड मिळत नाही, पण ती काढावी. दरवाज्यावर दगडात कोरलेला सिंह हत्तीवर स्वार झालेला दिसतो. चांद्याच्या, म्हणजे जुन्या चंद्रपूरच्या, गोंड राजांचे हे राजचिन्ह. पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर हे बाकीचे तीन दरवाजे आणि पाच खिडक्या धरून या परकोटाचा घेर सुमारे ११ किलोमीटर भरतो. इ.स.पू. चौथ्या शतकात रोमने स्वतःभोवती बांधलेला तटही साधारण तेवढाच होता.

दोन्ही शहरांच्या जन्मकथेत जनावर आहे आणि भिंतही आहे. लांडगीच्या दुधावर वाढलेल्या रोम्युलसने नांगराच्या तासाने रोमची हद्द आखली, असे रोमन सांगत. चांद्याची कथा खांडक्या बल्लाळशहाची. त्याची राजधानी तेव्हा बल्लारपूरला, वर्धा नदीच्या काठी होती. अंगावरच्या गळवांनी तो बेजार झालेला. शिकारीला गेला असताना झरपट नदीच्या पात्रातल्या एका कुंडाचे पाणी लागले आणि व्याधी बरी झाली. तिथेच अंचलेश्वराचे देऊळ उभे राहिले. पुढे त्याच रानात कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा राजाच्या कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला. ससा जसा धावला, तशी तटाची रेघ आखली गेली, असे सांगतात.

कथा बाजूला ठेवली तरी जागेची निवड जाणत्याची वाटते. एका अंगाला इरई, दुसऱ्या अंगाला झरपट आणि दक्षिणेला दोघींचा संगम. तटाचे काम पुरे व्हायला मात्र पिढ्या गेल्या. ते धुंड्या रामशहाच्या काळात संपले.

एवढे बांधकाम पेलणारे राज्य जंगलात उभे कसे राहिले? याचे उत्तर तटाबाहेर, तलावांच्या पाळीवर सापडते. खांडक्यानंतर आलेल्या हीरशहाने रयतेला सरळ व्यवहार सांगितला: जंगल तोडून जमीन वहितीखाली आणा, तिची सनद घ्या, तलाव बांधा, त्याच्या पाण्याखाली जेवढी जमीन भिजेल तेवढी तुमची. रोमने इ.स.पू. ३१२ मध्ये पहिला जलमार्ग बांधला तो सरकारी अधिकाऱ्याच्या हुकमाने. चांद्याच्या राजाने हे काम बांधणाऱ्याच्या हितावर सोपवले. पाळ नीट राहिली तरच धान पिकणार, म्हणून ती राखायला शिपाई नेमावा लागत नव्हता. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरीपासून आरमोरीपर्यंत धानाच्या बांध्यांना आजही मामा तलावांचे, म्हणजे माजी मालगुजारी तलावांचे पाणी मिळते. त्यांच्यामागे तलाव बांधण्याची हीच जुनी परंपरा आहे.

पिकाबरोबर बळ आले. अकबराच्या काळातल्या 'आईन-ए-अकबरी'त चांद्याच्या बाबाजी राजाची नोंद आहे: १,००० घोडेस्वार, ४०,००० पायदळ. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेले वैरागड, तिथल्या हिऱ्याच्या खाणीसह, त्याच्याच ताब्यात होते. पूर्वेचे घनदाट रान जमीनदारांकडे सोपवलेले असे.

राज्याची खरी परीक्षा राजा गेल्यावर होते. बीरशहा मारला गेला तेव्हा गादीला मुलगा नव्हता. राणी हिराईने रामशहाला दत्तक घेतले आणि तो लहान असेपर्यंत कारभार स्वतः पाहिला. अंचलेश्वर दरवाज्याजवळची बीरशहाची समाधी तिने बांधवली. महाकालीचे देऊळही तिचेच. चैत्रात तिथे यात्रा भरते आणि मराठवाड्यातूनही भाविक येतात.

१७५१ मध्ये नीळकंठशहाकडून नागपूरकर भोसल्यांनी चांदा घेतले, १८१८ मध्ये इंग्रजांनी तट फोडला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इंग्रजांविरुद्ध उठाव करणाऱ्या बाबुराव शेडमाके यांना फाशी दिली ती चांद्यातच. १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला आणि जुन्या राज्याचा मुलूख दोन जिल्ह्यांत विभागला गेला.

परकोट बुरुजांवर उगवलेल्या झुडपांखाली दडला होता. इको-प्रो संस्थेच्या स्वयंसेवकांनी २०१७ पासून ती तोडून, माती उपसून तटावर चालण्याजोगी वाट मोकळी केली. पाहायला यायचे तर हिवाळ्यात यावे. चंद्रपूरचा उन्हाळा सोसवणारा नाही. सकाळी तटावरून फिरून, समाधी पाहून झाली की नागभीडच्या वाटेला लागावे आणि एखाद्या मामा तलावाच्या पाळीवर उभे राहावे. तट बांधणारे राज्य १७५१ मध्ये संपले. तलावांचे पाणी मात्र अजून शेतात जाते. गोंड राजांच्या कारभाराचा हा पुरावा परकोटापेक्षा मोठा आहे.