चंद्र राष्ट्राध्यक्षांचा, तिजोरी काँग्रेसची

21 नोव्हेंबर 1962. व्हाइट हाउसमधल्या बैठकीत राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी नासाचे प्रमुख जेम्स वेब यांना खोदून खोदून विचारत होते : चांद्रमोहीम हेच नासाचं पहिलं काम आहे ना? वेब सरळ हो म्हणेनात. अवकाशाचं बाकीचं संशोधनही तितकंच महत्त्वाचं आहे, हा त्यांचा मुद्दा होता. तेव्हा केनेडींनी स्पष्टच सांगितलं, की सोव्हिएत संघाच्या आधी पोहोचायचं नसेल तर एवढा पैसा ओतण्यात अर्थ नाही. आपल्याला अवकाशात तसा फारसा रस नाही, असंही ते म्हणाले. या बैठकीचं ध्वनिमुद्रण सुमारे चार दशकांनी खुलं झालं.

केनेडींना यासाठी दोष देण्याचं कारण नाही. एप्रिल 1961 मध्ये सोव्हिएत अंतराळवीर गागारिन पृथ्वीप्रदक्षिणा करून आला, पुढच्याच आठवड्यात क्यूबावरची स्वारी फसून अमेरिकेची नाचक्की झाली. चंद्र हे त्यावरचं राजकीय उत्तर होतं. म्हणूनच तिजोरी उघडली. 1966 मध्ये केंद्रीय खर्चातले 4 टक्क्यांहून अधिक पैसे नासाकडे जात होते; आज हा वाटा अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. उतरण तर माणूस चंद्रावर पोहोचण्याआधीच, व्हिएतनाम युद्धाच्या खर्चापायी लिंडन जॉन्सन यांच्या काळातच सुरू झाली होती.

तरीही गेली साठ वर्षं प्रत्येक राष्ट्राध्यक्षाला आपलं ‘केनेडी भाषण’ करायचा मोह होतो. थोरल्या बुश यांनी 1989 मध्ये चंद्र आणि मंगळाची घोषणा केली. खर्चाचा अंदाज 500 अब्ज डॉलरच्या घरात गेल्यावर अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, तिच्याकडे पाठ फिरवली. धाकट्या बुश यांनी 2004 मध्ये पुन्हा चंद्राचं नाव घेतलं, ओबामांनी लघुग्रहाचं, ट्रम्प यांनी परत चंद्राचं. राष्ट्राध्यक्षाची मुदत चार वर्षांची, फार तर आठ. मोठं यान आखून, बांधून उडवायला मात्र दहा-पंधरा वर्षं लागतात. पत्ता बदलला की आधीचं निम्मं काम वाया जातं.

शिवाय घोषणा राष्ट्राध्यक्षाची असली, तरी पैसा मंजूर करण्याचा अधिकार काँग्रेसचा. व्हाइट हाउस अर्थसंकल्पाचा प्रस्ताव धाडतं. प्रतिनिधिगृह आणि सिनेट यांच्या समित्या त्याची चिरफाड करतात. तिथे विचारला जाणारा खरा प्रश्न ग्रहांविषयी नसतो, मतदारसंघातल्या रोजगाराविषयी असतो. 2010 मध्ये ओबामांनी धाकट्या बुश यांचा ‘कॉन्स्टेलेशन’ हा चांद्र कार्यक्रम रद्द करायला घेतला, तेव्हा अलाबामा, युटा, फ्लोरिडा, टेक्सास इथले लोकप्रतिनिधी खवळले. त्याच वर्षी काँग्रेसने कायदाच केला : नवा महाकाय अग्निबाण बांधायचा, आणि तो शक्य तितका स्पेस शटलच्याच सामग्रीतून, जुन्याच कंत्राटांवर. हाच तो एसएलएस, म्हणजे ‘स्पेस लाँच सिस्टिम’. ‘सिनेट लाँच सिस्टिम’ असं त्याचं टोपणनाव पडलं. 2016 अखेरीस तयार व्हायचा होता. उडाला नोव्हेंबर 2022 मध्ये. नासाच्याच महानिरीक्षकांनी सुरुवातीच्या प्रत्येक उड्डाणाचा खर्च सुमारे 4.1 अब्ज डॉलर सांगितला होता.

हे ऐकून संताप येतो. पण नाण्याला दुसरी बाजू आहे. हीच काँग्रेस राष्ट्राध्यक्षाच्या कुऱ्हाडीला अडवूही शकते. 2025 मध्ये ट्रम्प प्रशासनाने नासाचा निधी सुमारे 24.8 अब्जांवरून 18.8 अब्ज डॉलरवर आणायचा प्रस्ताव दिला. विज्ञान मोहिमांचा पैसा तर जवळजवळ निम्मा होणार होता. गुरूभोवती फिरणारं जुनो आणि प्लूटोपलीकडे गेलेलं न्यू होरायझन्स बंद करण्याच्या यादीत होती. ही यानं बांधून झालेली, पोहोचलेली, काम करणारी. त्यांच्याकडून माहिती घेत राहण्याचा खर्च मूळ खर्चापुढे किरकोळ असतो. तो वाचवण्यासाठी त्यांचा आवाज बंद करणं ही मला शुद्ध उधळपट्टी वाटते. जानेवारी 2026 मध्ये काँग्रेसने सुमारे 24.4 अब्ज मंजूर केले आणि विज्ञानाचा निधी बहुतांशी राखला. मंगळावर पर्सिव्हिअरन्स रोव्हरने जमवलेले खडकांचे नमुने पृथ्वीवर आणायची मोहीम मात्र तिच्या ठरलेल्या रूपात वाचली नाही.

अवकाश मोहिमेला मतदारसंघाइतकंच भक्कम कवच दुसऱ्या देशाशी केलेल्या कराराचं असतं. जून 1993 मध्ये अवकाश स्थानक प्रतिनिधिगृहात अवघ्या एका मताने तरलं, 216 विरुद्ध 215. त्यानंतर रशियाला भागीदार करून घेतलं गेलं, स्थानक परराष्ट्र धोरणाचा भाग झालं आणि पुढच्या वर्षी ते मोठ्या बहुमताने पार पडलं.

आपल्या जवळचं उदाहरण निसार उपग्रहाचं. नासा आणि इस्रो यांनी 30 सप्टेंबर 2014 रोजी करार केला तेव्हा ओबामा होते. मग ट्रम्प, बायडेन आणि पुन्हा ट्रम्प आले. एक रडार अमेरिकेचं, एक भारताचं, अग्निबाण आपला. पृथ्वीच्या अभ्यासाच्या निधीवर कात्री लागण्याची चर्चा वॉशिंग्टनमध्ये रंगात आली असताना, 30 जुलै 2025 रोजी हा उपग्रह श्रीहरिकोट्याहून उडाला. जमिनीची आणि हिमनद्यांची हालचाल, शेतातला ओलावा तो दर बारा दिवसांच्या फेरीत टिपतो, आणि त्यात मराठवाड्यातली शिवारंही येतात.